तीन की पाच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सूत्रसंचालकांनी मला 'आयटीतले अनुभव' यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पुण्यातल्या आयटीचे अनुभव म्हणजे वाहतूक कोंडीचे अनुभव, ते तुम्हाला ऐकवून काय मिळणार? म्हणून विषय बदलून घेतला. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर काचेच्या पेटीत जे हेलिकॉप्टर ठेवलंय, त्याच्याबद्दल बोलते. सकाळपासून चौघांनी विचारलं, मुलाचं खेळणं आणलंस का म्हणून. मुलाचं नाही, माझंच आहे. खरं तर माझंही नाही, ते पुढे सांगते.

लॉकडाऊनमध्ये मला हा नाद लागला. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचं किट येतं; ते कापायचं, घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं. विमानं केली, दोन जहाजं केली. त्यांचे फोटो आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. 'छान', 'मस्त', अंगठा. एके रात्री मात्र आपल्यातल्या एका मैत्रिणीचा वेगळा मेसेज आला. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे, नाव घेऊ नको म्हणाली. तिनं लिहिलं होतं, "बाबांचं हेलिकॉप्टर करशील का?"

तिचे बाबा नौदलात होते हे जुन्या मंडळींना आठवत असेल. उमरखेडचा माणूस आणि नौदल! इथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटर. आपल्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा आणि इसापूरचं धरण. तरी हा माणूस सत्तरीच्या सुमारास भरती झाला आणि कोचीनला हेलिकॉप्टरच्या देखभालीवर लागला. सुटीवर आले की आम्हा पोरांना शंखशिंपले मिळायचे. काका आता नाहीत. घरात त्यांच्या नोकरीची एकच खूण उरली आहे, एक कृष्णधवल फोटो. काका हेलिकॉप्टरच्या शेपटीशी उभे आहेत, डावा तळवा शेपटीवर टेकवलेला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहिलंय, 'कोचीन १९७९'.

हो म्हणाले. मनात धरलं, महिनाभराचं काम. पुढच्या श्रावणात सुरू केलेलं ते त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर संपलं.

यंत्र ओळखायला वेळ लागला नाही. पोट होडीसारखं, म्हणजे सी किंग. अमेरिकेतल्या सिकॉर्स्कीची मूळ रचना, बांधणी इंग्लंडमध्ये येओविलला, वेस्टलँड कंपनीची. पाणबुड्या शोधणं हे याचं काम. समुद्रावर एका जागी तरंगत राहायचं आणि दोराला बांधलेलं सोनार पाण्यात सोडायचं, आपण विहिरीत पोहरा सोडतो तसं. सोनार खाली जाऊन कान देतं. १७ एप्रिल १९७१ ला कोचीला सी किंगचं ३३० क्रमांकाचं स्क्वॉड्रन उभं राहिलं. त्याच वर्षी ९ डिसेंबरला दीवजवळ 'खुकरी' पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, हे लक्षात घेतलं की या यंत्राची निकड कळते.

सी किंगच्या पंख्याचा व्यास जवळजवळ एकोणीस मीटर. माझं मॉडेल बहात्तरास एक या प्रमाणात आहे, म्हणजे तो व्यास सव्वीस सेंटिमीटर, आपल्या फूटपट्टीपेक्षा थोडा कमी. किट मिळालं, पण त्यातल्या खुणा ब्रिटिश. खुणा म्हणजे यंत्राच्या अंगावरची चक्रं, अक्षरं, आकडे. त्यांना डेकल म्हणतात. कागदावरच्या पातळ पापुद्र्यावर ती छापलेली असतात. कोमट पाण्यात कागद बुडवला की पापुद्रा सुटतो, तो ब्रशनं सरकवत जागेवर बसवायचा. आपल्या नौदलाच्या खुणा आयत्या मिळाल्या नाहीत, तेव्हा त्या स्वतः आखून छापायच्या असं ठरलं. आणि आखायच्या तर बरोबर आखायला हव्यात.

इथून पुढे खरी गंमत आहे. किंवा छळ म्हणा.

सगळ्यात आधी तिरंगी चक्र. मध्ये हिरवं, मग पांढरं, बाहेर केशरी. कृष्णधवल फोटोत तिन्ही राखाडी. केशरी नेमकं कुठलं? संगणकाच्या पडद्यावर शंभर केशरी दिसतात आणि प्रिंटर एकशे एकावं छापतो. माहेरी आले होते तेव्हा नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत जाऊन एक राष्ट्रध्वज घेतला. तिथे ध्वज तयार होतात हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. खादीवरचा रंग आणि पत्र्यावरचा रंग एक नसतो, मान्य. पण उन्हात धरून बघायला डोळ्यांपुढे काहीतरी खरं हवं होतं. पांढऱ्याचा घोळ वेगळाच. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. शाई पारदर्शक असल्यामुळे गडद रंगावर केशरी छापलं की तपकिरी दिसतं. म्हणून चक्राच्या मापाची पांढरी गोल चकती आधी चिकटवायची आणि तिच्यावर रंगीत चक्र. एक केस इकडेतिकडे झाला की पांढरी कड डोकावते. अशी चौदा चक्रं वाया गेली, नवऱ्यानं मोजली.

मग गोव्याला गेले. बोगमाळोला, दाबोळी विमानतळाजवळ, नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. एअर इंडियातून नौदलात गेलेलं सुपर कॉन्स्टेलेशन तिथे उघड्यावर उभं आहे, आणि सी किंगही आहे. घरच्यांना किनाऱ्यावर सोडून मी अर्धा दिवस त्या सी किंगभोवती फिरले. आकार, सांधे, रिव्हेटच्या रांगा टिपून घेतल्या. खुणा मात्र तिथून घेतल्या नाहीत. संग्रहालयातली यंत्रं पावसापाण्यात उभी असतात, त्यांना मधूनमधून नवा रंग देतात. रंगारी भला माणूस असतो, पण १९७० च्या दशकात अक्षर किती जाड होतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तेव्हा यंत्र पाहायचं संग्रहालयात आणि खूण पाहायची त्या काळच्या फोटोत, हा धडा मी आधीची दोन मॉडेलं चुकवून शिकले होते.

माझ्या आईचं म्हणणं, यावर मराठीत 'नौदल' लिही. आईला सांगितलं, आपण नौदल म्हणतो, यंत्रांवर देवनागरीत लिहितात ते 'नौसेना'. आणि आपल्या फोटोत दिसतात ती इंग्रजी अक्षरं, तेव्हा इंग्रजीच. आई दोन दिवस नाराज होती.

आता आकडा. नौदलाच्या प्रत्येक विमानाला 'आयएन' आणि पुढे तीन अंक असा क्रमांक असतो. पहिल्या सी किंगांचे क्रमांक पाचशे एकपासून सुरू होतात. फोटोत पाच दिसतो, शून्य दिसतं, आणि तिसऱ्या अंकाच्या वरच्या अर्ध्या भागावर काकांचा तळवा आहे.

चित्रकलेचे सर इथे बसलेत. सर, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला तुम्ही आमच्याकडून अक्षरलेखन करून घ्यायचात. चौकोन आखा, टी-स्केल हलू देऊ नका, अक्षर लिहायचं नसतं, बांधायचं असतं. तेव्हा मी वैतागायचे. पण त्या तिसऱ्या अंकाचं खालचं अर्ध उलगडलं ते त्याच पद्धतीनं. फोटो मोठा करून त्यावर चौकोन आखले आणि इंग्रजी एक ते नऊ त्याच जाडीत बांधून एकेक वर ठेवून पाहिले. एक, चार, सात लगेच बाद, त्यांना खाली पोटच नाही. दोनला खाली आडवी रेघ लागते. सहा आणि आठचं पोट डावीकडे बंद असतं, इथे उघडं आहे. नऊची उजवी बाजू वरून सरळ खाली येते, इथे ती कमरेपाशी आत वळते. उरले तीन आणि पाच. या दोघांचं खालचं अर्ध अगदी एकसारखं, सर, हे तुम्हीच शिकवलं होतं. खरा फरक सगळा वरच्या अर्ध्यात, आणि तिथे काकांचा हात.

यावर मी चार महिने घालवले. तळव्याच्या कडेला एक पांढुरका ठिपका होता, तो पाचच्या आडव्या रेघेचं टोक आहे असं मला वाटायचं. मूळ फोटो पुन्हा स्कॅन करून घेतला तेव्हा तो बुरशीचा डाग निघाला.

शेवटी मॉडेलचं जेवढं झालं होतं तेवढं घेऊन काकूंकडे गेले. फोटोवर १९७९ आहे म्हणून मी त्या सुमाराच्या दुसऱ्या एका फोटोवरून नाकाजवळ एक छोटं चिन्हही लावलं होतं. काकांच्या फोटोत नाक येतच नाही, पण तेव्हा असायचं ना, म्हणून लावलं. दिसायला फार देखणं होतं ते.

काकूंनी चष्मा लावला. मॉडेल नाही, आधी फोटो हातात घेतला. म्हणाल्या, "काऊन गं, हातात घड्याळ कुठंय?"

मी म्हटलं, कुठलं घड्याळ?

"आमच्या बाबांनी लग्नात दिलं होतं, एचएमटीचं. आंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत. हा फोटो लग्नाच्या आधीचा आहे." लग्न १९७६ च्या मे महिन्यातलं. मग मागचं १९७९ कुठून आलं? आमच्या मैत्रिणीचा दादा शाळेत असताना त्यानं एकदा सगळा अल्बम लावला आणि जिथे साल नव्हतं तिथे अंदाजानं टाकलं. दादा, तुम्हीही इथेच आहात, रागावू नका.

ज्या तळव्याखाली अंक शोधत मी चार महिने बसले, त्याच हाताचं मनगट उघडं आहे हे मला दिसलं नव्हतं. तीन-चार वर्षांचा फरक पडला. नाकाजवळचं चिन्ह त्या आधीच्या काळाचं आहे याला माझ्याकडे काहीच आधार उरला नाही. घरी येऊन ते घासून काढलं. तिथला रंग पुन्हा दिला. उजेडात तिरकं पाहिलं तर ती जागा अजून किंचित वेगळी दिसते.

अंगाच्या रंगासाठी काकूंनीच एक जुना फोन नंबर दिला, काकांच्या केरळमधल्या सोबत्याचा. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. आमचं संभाषण मोडक्या हिंदीत. रंग कसा होता विचारलं तर म्हणाले, ढगाळ दिवशीच्या समुद्रासारखा. मी तीन छटा रंगवून कुरियरनं पाठवल्या, त्यांनी मधली निवडली. मग मी क्रमांकाचं विचारलं, तीन की पाच? ते हसले. म्हणाले, आम्ही एका यंत्राचे नव्हतो, बेटी. जे हँगरमध्ये येईल त्यावर काम. त्या दिवशी फोटो काढणाऱ्यासमोर जे उभं होतं ते होतं.

आता राहिला प्रश्न आकड्याचा. मी दोन्ही छापून ठेवले होते. काकूंना विचारलं, तीन लावू की पाच? पाच दिसायलाही चांगला दिसतो, आधीच्या पाचशी जुळतो. काकू म्हणाल्या, "खोटं नको लावू. यांना चाललं नसतं." मग त्यांनी सांगितलं, काका एकदा सुटीवर दोन दिवस उशिरा आले होते. कुणीतरी दुसऱ्यानं आवळलेल्या नटासाठी सही करा म्हणत होतं, यांनी केली नाही, पुन्हा सगळं उघडून पाहिलं, त्यात गाडी चुकली. काकू तेव्हा पंधरा दिवस बोलल्या नव्हत्या त्यांच्याशी. हे सांगताना हसत होत्या, आणि मग हसत नव्हत्या.

आमच्या धंद्यातही सही असते. दुसऱ्यानं लिहिलेला कोड तपासला म्हणून आपल्या नावानं शिक्का मारायचा. शुक्रवारी संध्याकाळी न वाचता किती शिक्के मारले, ते इथे सांगत नाही, आमच्या ऑफिसातलं कुणी ही स्मरणिका वाचलं तर पंचाईत.

तर मॉडेल आता असं आहे. डाव्या बाजूला काका उभे आहेत, सव्वादोन सेंटिमीटर उंचीचे, तळवा शेपटीवर. त्या तळव्याखाली अंकाचं फक्त खालचं अर्ध छापलंय. प्रत्यक्षात वीतभर असेल तो अंक इथे तीन मिलिमीटर आहे, त्याचं अर्ध म्हणजे दीड. मनगटावर घड्याळ नाही, हे सांगायला नको. पण क्रमांक शेपटीच्या दोन्ही बाजूंना असतो. उजव्या बाजूला काकांचा हात नाही. तिथे पाच आहे, शून्य आहे आणि तिसरी जागा मोकळी आहे. मैत्रीण म्हणाली, पेटी भिंतीला लावून ठेवू, कोणाला दिसतंय? काकूंनी ती खोलीच्या मधल्या टेबलावर ठेवायची असं ठरवलं आहे.

आज संध्याकाळी मेळावा आटोपला की ती पेटी त्यांच्या घरी जाईल. आपल्यापैकी कुणाच्या ओळखीत १९७१ ते १९७६ च्या दरम्यान कोचीला असलेला नौदलातला माणूस असेल, त्याच्याकडे जुना फोटो असेल, तर मला कळवा. तीन आणि पाच, दोन्ही डेकल मी पाकिटात जपून ठेवलेत.

चहाच्या वेळी जरूर बघा. काच उघडू नका, पंख्याची पाचही पाती फार नाजूक आहेत, एक सकाळी प्रवासातच मोडलं होतं आणि हॉलच्या पायरीवर बसून चिकटवलंय. सर, तुमच्यासाठी मात्र पेटी उघडते. भिंग आणलंय.