खोली कोणाची, भाडं किती?

समजा, तीन मित्र दिवेआगरला निघालेत. नारळी-पोफळीच्या वाडीतलं घर, दोन रात्रींचे 12,000 रुपये. माणशी 4,000, हिशेब संपला! पण एकाला एसी आणि गॅलरी, तिसऱ्याला मात्र स्वयंपाकघराला खेटून असलेली, पहाटेपासून भांड्यांचा आवाज येणारी खोली. कुरबुर इथेच सुरू होते.

मग खोल्यांनाच भाव लावा: 5,000, 4,000 आणि 3,000. या भावाला कोणती खोली घ्याल, हे प्रत्येकाने सांगायचं. दोघांनी स्वस्त खोलीच मागितली? तिचे 3,300 करा, बाकीच्या 4,800 आणि 3,900. तिघांनी तीन वेगळ्या खोल्या निवडेपर्यंत हे चालू ठेवायचं. काही साध्या अटींवर असे भाव सापडतातच, हे फ्रान्सिस सू या अमेरिकी गणितज्ञाने 1999 मध्ये दाखवून दिलं. गणित असंही कामाला येतं!

जेवणाचं वेगळं, ते ताटावर, जो जेवला त्याच्या नावावर. आणि एक रात्र उशिरा येणारा? माझ्या मते त्याने खोलीचं पूर्ण भाडं द्यावं. खोली त्याच्यासाठीच अडवून ठेवली होती ना! मासळीचं ताट मात्र त्याला माफ.