मिरजेच्या वतीने



मी अडत व्यापारी. गावोगावहून परिषदेला आलेल्या तुम्हा डॉक्टरांपुढे बदललेल्या मूत्रपिंडात विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगावर मी काय बोलणार? मिरजेवर बोलतो, तेवढा वेळ कुणी घड्याळाकडे बोट दाखवू नये.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय काढले, हे आपण जाणताच. २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तीही आमच्याच स्टेशनातून. पण फरीदसाहेब शिकलगार किती जणांना ठाऊक आहेत? शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तसा हा माणूस तंतुवाद्यांकडे वळला. जे हात पाते पाजळायचे, ते तारांची जवारी काढू लागले! त्यांच्या मागून अख्खी गल्ली सतारमेकरांची झाली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड भलतीकडचे, सांधा मिरजेचा. हेही प्रत्यारोपणच की! आतून किडलेला भोपळा मात्र कारागीर घेत नाही.

तुमच्या बीके या पॉलिओमा विषाणूचे तसे नाही, असे आमचे सचिव डॉक्टर सांगतात. १९७१ मध्ये लंडनला मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या लघवीत तो सापडला. त्या रुग्णाचीच आद्याक्षरे त्याला चिकटली. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि निजून राहतो. नवे मूत्रपिंड टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबली की उठतो. क्वचित त्याचा जनुकीय तुकडा पेशीच्या जनुकांत घुसून बसतो आणि गाठ धरते. औषधे कमी करावीत तर मूत्रपिंड जायची भीती, चालू ठेवावीत तर गाठ वाढायची. असला सौदा आमच्या पेठेत कुणी करणार नाही.

आता माफी. स्वागतकमानीवर ‘पॉलिओमा’चे ‘पोलिओ’ झाले. सकाळी दोन आया बाळांना डोस पाजायला घेऊन आल्या. त्यांना चहा पाजला. उतरण्याच्या जागी गरम पाणी सातपर्यंतच आहे. पिशव्यांची चेन हळू ओढावी. भोजनाचा खर्च सराफ बंधूंनी, मांडवाचा केमिस्ट मंडळींनी, फुलांचा आमच्याच गाळ्याशेजारच्या हमालांनी वर्गणी काढून उचलला. एक निवृत्त गुरुजी ५०१ रुपये देऊन गेले, पावतीही घेतली नाही. नाव राहिले असेल त्यांनी रागावू नये.

सतारमेकर गल्लीसाठी गाडी साडेपाचला फाटकापाशी उभी असेल. शेवटचा निबंध लांबला तरी ती थांबवून ठेवायला मी सांगितले आहे.