सीलबंद बाटली आणि सीलबंद थैली



कोर्ट म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. आजा दावा टाकतो आणि नातू निकाल ऐकतो, हा आपला अनुभव. तरीही आज आम्ही कोर्टाबद्दलच बोलणार आहोत. कारण बियाणे फसले तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न दर मृगाला उभा राहतो.

आजाच्या काळी हा तंटाच नव्हता. ज्वारीचे बियाणे घरच्या कणगीत, सरकी घरची नाहीतर शेजाऱ्याची. आता बियाणे सीलबंद थैलीत येते. आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, दुकानदारालाही दिसत नाही. तंटा नवा, मग त्याला कायदा कुठला?

कोर्ट अशा वेळी जुनेच तत्त्व काढते आणि नव्या तंट्याला लावून पाहते. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी एक बाई जिंजर बिअर प्यायली. बाटली गडद काचेची. उरलेले ओतताना कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार. पैसे मैत्रिणीने दिलेले. कारखानदार म्हणाला, या बाईचा आणि माझा करारच नाही. १९३२ साली लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, करार नसला तरी मध्ये कुणाला तपासता येणार नाही असा बंद माल जो पाठवतो, त्याच्यावर वापरणाऱ्याची काळजी घेण्याची जबाबदारी आहे. शेजाऱ्याचे नुकसान करू नये, हे तत्त्व जुनेच. शेजारी कुणाला म्हणायचे, एवढेच नव्याने ठरले.

आता बाटलीच्या जागी थैली ठेवा.

आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमचे बियाणे पेरले. पीक फसले, ते ग्राहक मंचाकडे गेले. निगम सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. म्हणणे असे, की पीक विकणारा शेतकरी ग्राहक कसला? बियाण्यासाठी १९६६ चा बियाणे कायदा असताना ग्राहक मंच कशाला? आणि प्रयोगशाळेत नमुना न तपासता दोष कसा ठरवला?

जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने तिन्ही मुद्दे फेटाळले. पोटासाठी राबणारा शेतकरी ग्राहकच आहे. बियाणे कायद्यात शेतकऱ्याला भरपाईची तरतूद नाही, म्हणून ग्राहक कायद्याची वाट त्याला मोकळी आहे. आणि शेतकरी आणलेले सगळे बियाणे पेरतो. तपासणीसाठी त्याने नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच चूक. शेतावर जाऊन तज्ज्ञांनी दिलेला अहवाल हा पुरावा धरला.

पण भावांनो, हुरळून जाऊ नका. दोष सिद्ध करावाच लागतो. २००५ साली हरियाणातील एका खटल्यात शेतकरी हरले, कारण पिकातला फरक बियाण्याशिवाय दुसऱ्या कारणांनीही पडू शकतो, असे अहवालात होते. आपल्या कोरडवाहूत तर पावसाचा खंड हेच विरुद्ध बाजूचे पहिले उत्तर असते.

म्हणून पक्की पावती घ्या. तीवर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. रिकामी थैली आणि टॅग जपून ठेवा. शक्य असेल तर मूठभर बी थैलीतच राहू द्या. कायद्याने सक्ती नाही, पण काम सोपे होते. उगवण फसली की पीक मोडण्याआधी कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पंचनाम्यात शेजारच्या शेतातले दुसरे वाण कसे आहे तेही लिहून घ्या. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. १९८६ च्या कायद्याच्या जागी आता २०१९ चा ग्राहक कायदा आहे. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

तत्त्व कोर्टाकडे आहे, पण पुरावा आपल्या घरात आहे. थैली चुलीत घातली, की खटलाही चुलीत गेला.