आमची शेवंती का फुलेना?

(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. फुलझाडांवर बोला म्हणून आग्रह झाला, तेव्हा आमच्या अंगणात घडले तेवढे सांगते.

आमच्या पिवळ्या शेवंतीचे रोप सासूबाईंनी माहेराहून आणलेले. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरचीच फुले असायची. २०२१ साली मात्र झाडे गुडघ्याच्या वर गेली, पाने हिरवीगार, आणि कळीचा पत्ता नाही. २०२२ सालीही तेच. शेणखत घालून पाहिले, पाणी कमी करून पाहिले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण बाजारची वेणी देवीला वाहताना त्यांनी माझ्याकडे पाहिले, ते मनाला लागले.

पुढे रोपवाटिकेतल्या माळीदादांनी विचारले, "ताई, कुंड्यांवर रात्री उजेड पडतो का?"

तेव्हा आठवले. २०२१ च्या उन्हाळ्यात न्हाणीघराकडे जाताना सासूबाई अंधारात पडल्या, मांडीचे हाड मोडले. तेव्हापासून ओटीवरचा दिवा रात्रभर जळतो. त्याच्याखालीच कुंड्या! खांबाआड एक कुंडी होती, तिला चार फुले आली होती. पण मी त्याचा विचारच केला नाही.

शेवंतीला रात्रीचा लांब, सलग काळोख लागतो. पावसाळा सरून रात्री वाढू लागल्या, की ती कळी धरते. मध्ये दिवा लागला, की तिला अजून उन्हाळ्याची लहान रात्रच वाटते आणि ती नुसता पाला वाढवीत बसते. फुलण्याचा असा दिवसरात्रीशी संबंध अमेरिकेतल्या गार्नर आणि ॲलर्ड या दोघांनी १९२० साली दाखवून दिला, असे लेकीने वाचून सांगितले. फुलशेतीवाले शेवंतीवर मुद्दाम दिवे लावून फूल लांबवतात, आणि लवकर हवे तर काळ्या कापडाने झाकतात. आमच्याकडे ते नकळत चालले होते, विजेचे बिल भरून!

दिवा बंद करणे शक्य नव्हते. म्हणून २०२३ च्या भाद्रपदात कुंड्याच परसदारी नेल्या. जमिनीतले जुने झाड हलवता येईना. त्याच्याभोवती चार काठ्या रोवून रोज संध्याकाळी सहाला काळे पांघरूण घालायचे, सकाळी सातला काढायचे. दोन महिने हा उद्योग केला. घरच्यांनी थट्टा केली, ती निराळीच.

काळोख हवा म्हणजे सावली हवी, असे मात्र समजू नका. दिवसा शेवंतीला भरपूर ऊन हवेच. नाताळात लाल होणारी पॉइन्सेटिया शेवंतीसारखीच हट्टी. गुलाब-जास्वंदीला रात्रीच्या दिव्याचे एवढे काही नाही. त्यांची फुले कमी झाली तर आधी दिवसाचे ऊन पाहा.

त्या मार्गशीर्षात सासूबाई काठी टेकत परसदारी गेल्या, कळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझ्यापायी हिला झोप नव्हती गं."

फुले सरली की बुडाशी फुटवे येतात. ज्यांना हवे असतील त्यांनी रिकामी कुंडी घेऊन या, आणि तुमच्या अंगणात दिवा कोठे आहे तेही सांगा.