रजोनिवृत्ती आणि मेदवृद्धी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकलेले सेवानिवृत्त शाळामास्तर आहो. तथापि या विषयावर बोलण्याचा आम्हांस एक अधिकार आहे, आणि तो अपराध्याचा आहे. पन्नाशीच्या सुमारास आमच्या कुटुंबाचे शरीर सुटू लागले, तेव्हा चारचौघांत तिची थट्टा करणारे आम्हीच होतो. तिने बिचारीने एकादशी, सोमवार, चतुर्थी असे उपवास वाढविले. अंग उतरले नाही. एके दिवशी मात्र ओट्यापाशी भोवळ येऊन पडली. मग आम्ही ग्रंथ उघडले.

स्त्रीचे रज बाराव्या वर्षी सुरू होते व पन्नासाव्या वर्षी थांबते, असे सुश्रुत सांगतो. हा वयाचा धर्म आहे, व्याधी नव्हे. स्थौल्याचा विचार चरकाच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायी आहे. दोहोंची स्पष्ट सांगड आमच्या वाचनात आली नाही. पण ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचली आणि आम्ही ओशाळलो. मेदाने मार्ग अडले म्हणजे वायू कोठ्यात कोंडतो व अग्नीस फुंकर घालतो. भूक वाढते, खाल्लेले मेदासच मिळते, इतर धातू उपाशी राहतात. वरून भरलेले शरीर आतून दुबळे! हल्लीचे डॉक्टरही सांगतात की या वयात इस्ट्रोजेन घटून चरबी पोटाभोवती साठते, स्नायू कमी होतात, हाडे विरळ होतात. ज्या भुकेस आम्ही हसलो, ती दुखण्याचाच अंश होती.

आणि तिचे उपवास कसले? साबुदाणा, बटाटे, शेंगदाणे, वर तूप! चरकाने जव, मूग, कुळीथ, ताक सांगितले; दिवसाची झोप वर्ज्य केली; व्यायाम सांगितला. आमच्याकडे आता कुळथाचे पिठले व मुगाचे कढण असते. सर्वांच्या मागून उरलेसुरले संपविण्याची तिची जुनी चाल आम्ही मोडली. ती आमच्या पंक्तीस बसते. गुग्गुळाच्या गोळ्या जाहिरात वाचून मात्र कोणी घेऊ नयेत. पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसल्यास काढ्यांत वेळ न दवडता डॉक्टरकडे जावे, हे आम्ही निक्षून सांगतो.

वजन फारसे उतरलेले नाही, पण भोवळ येत नाही. सायंकाळी आम्ही दोघे देवळापर्यंत चालत जातो. चढावर आम्हांस धाप लागते, तेव्हा ती थांबते आणि आमच्या पोटाकडे पाहून हसते.