जॉन लॉर्ड : ऑर्गनवादक आणि वाद्यवृंद



रॉक संगीताचे नाव काढताच आपल्यापैकी पुष्कळांचे हात कानांकडे जातात, हे आम्ही जाणून आहो. आमचेही जात असत. ते खाली आले जॉन लॉर्डमुळे.

१९४१ साली इंग्लंडातील लेस्टर येथे जन्मलेला हा मनुष्य लहानपणी पियानोची रीतसर तालीम घेतलेला. आणि १९६८ साली निघालेल्या ‘डीप पर्पल’ या रॉक बँडचा एक संस्थापक. वाद्य हॅमंड ऑर्गन. आपल्या संगीत नाटकांतील पायपेटीशी त्याची गल्लत करू नये. त्याला भाता नाही. धातूची दातेरी चक्रे चुंबकापुढे फिरतात आणि विजेतून स्वर उमटतो. लॉर्डने तो गिटारच्या ध्वनिवर्धकातून सोडला, तेव्हा ऑर्गन अक्षरशः गुरगुरू लागला!

अशा वादकाने वाद्यवृंदासाठी रचना करावयाची, तर नुसते वाद्य बदलून भागत नाही. बँडातले पाच जण एकमेकांकडे पाहून वाजवतात, चुकले तर सावरून घेतात. वाद्यवृंदातील प्रत्येकाला मात्र स्वर कागदावर लिहून द्यावा लागतो. ओबोवाल्याला दम घ्यावयास सवड कोठे, हेही रचनाकारानेच पाहावयाचे.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डची तीन भागांची ‘कन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ झाली. बँडासोबत रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, संचालक माल्कम अर्नोल्ड. आमच्या मते तेथे मिलाफ थोडा आणि आळीपाळी फार. एक पक्ष बोलतो तेव्हा दुसरा बहुधा वाट पाहत बसतो. पण लिहिण्याचे धाडस खरे होते.

आणि नेमके ते लिहिलेलेच १९७० साली हरवले! ध्वनिमुद्रिका शाबूत होती. पण तिच्यावरून वाद्यवृंद कसा वाजणार? पुढे एका डच रचनाकाराने ती पुनःपुन्हा ऐकून स्वरलिपी नव्याने जुळवली, लॉर्डने तीवरून हात फिरवला, आणि १९९९ साली त्याच सभागृहात ती कृती पुन्हा उभी राहिली.

२००२ साली लॉर्डने बँड सोडला. डरहॅम विद्यापीठाच्या १७५ व्या वर्षानिमित्त त्याने लिहिलेली ‘डरहॅम कन्चेर्टो’ २००७ साली तेथील कॅथीड्रलमध्ये प्रथम वाजली. तीत व्हायोलिन आहे, चेलो आहे, नॉर्थम्ब्रियाचा लोकवाद्य पाइप आहे आणि त्यांच्या पंगतीला हॅमंडही आहे. त्या दिवशी हॅमंडवर लॉर्ड स्वतःच होता. समोर स्वतःचीच स्वरलिपी आणि आपली पाळी येईपर्यंत इतरांसारखाच थांबलेला.