नट आणि 'स्टार'



नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या आळेफाट्याहून दूर नाहीत. सोंग आणि मिरवणे यांतील भेद या भागातील प्रेक्षकांस नव्याने सांगावयास नको. 'स्टार' प्रत्येक भूमिकेत स्वतःलाच मिरवितो. थोर नट भूमिकेतून समाज दाखवितो.

निळू फुले यांचेच उदाहरण घ्या. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेल्या या कार्यकर्त्याने 'सामना'त साखरसम्राट हिंदुराव उभा केला. संथ बोलणे आणि रोखलेली नजर एवढ्यावर त्यांनी ग्रामीण सत्तेची दहशत दाखविली. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तेच, सत्तेचा बाजार पाहून अखेर भ्रमिष्ट होणारे पत्रकार दिगू टिपणीस झाले. सत्ताधीश आणि साक्षीदार, दोघेही तितकेच खरे! मिळालेली प्रसिद्धीही त्यांनी डॉ. श्रीराम लागू यांच्यासमवेत सामाजिक कृतज्ञता निधीच्या, म्हणजेच कार्यकर्त्यांच्या कामी लावली.

चेहऱ्याची पूजा माणसाला भक्त बनविते. थोर अभिनय त्याला विचार करावयास लावतो. आज राजकारणातही चेहरेच विकले जातात. म्हणून कार्यकर्त्याने चित्रपटगृहात आणि सभेतही एकच प्रश्न विचारावा : समोरचा मनुष्य स्वतःला दाखवितो आहे, की आपले जीवन?